पेवात सोडलेला दिवा

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना तिला वळसा घालता येणार नाही. माझ्या मामांच्या इनामगावी एका म्हाताऱ्याने धान्याच्या पेवात उतरण्यापूर्वी रिवाजाप्रमाणे आत दिवा सोडला होता. तो विझला. म्हातारा म्हणाला, थांबा. मी थांबू दिले नाही. आणि त्याला बेशुद्ध स्थितीत वर काढल्यावर मामांनी मला विचारले, "दिवा सोडला होता ना?" तेव्हा मी "नाही" म्हणालो.

अज्ञानाने झाले असे म्हणण्याची सोय मला नाही. त्या दिव्याचा अर्थ काय, हे मी त्या वेळी देवासला मुलांना शिकवत होतो.

देवासला तेव्हा एकाच गावात दोन राज्ये नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. बाजारातल्या रस्त्याच्या एका अंगाला एकीचा अंमल, दुसऱ्या अंगाला दुसरीचा. माझी खोली एका अंगाला होती आणि शाळा दुसऱ्या अंगाला, त्यामुळे मी रोज दोनदा राज्य ओलांडत असे, आणि मित्रमंडळी विचारत, "काय मास्तर, आज कोणाचं मीठ खाल्लं?" मी सृष्टिज्ञान शिकवत असे. इंदूरला शिकून आलेला होतो. देवाधर्माला नाही म्हणण्याइतके धैर्य नव्हते, पण शकुन-अपशकुन, मुहूर्त, उतारे यांना हसण्याइतके होते. टेकडीवर देवीच्या दर्शनाला लोक जात तेव्हा मीही जाई, पण हवा खायला जातो असे सांगून.

वर्गात माझा एक आवडता प्रयोग होता. काचेच्या दोन बरण्या घ्यायच्या. एकीत मोड आलेले चणे, दुसरीत उकडलेले. दोन्हींची तोंडे घट्ट बांधून रात्रभर ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी तोंड उघडून तारेला बांधलेली पेटती वात आत सोडायची. उकडलेल्या चण्यांच्या बरणीत ती जळत राही. मोडांच्या बरणीत गळ्याखाली जाताच विझे.

मग मी सांगत असे. दाण्यात पीठ भरलेले असते ते आपल्या भाकरीसाठी नव्हे. ती आतल्या कोंबाची शिदोरी आहे. हिरव्या पानाने उन्हातली शक्ती धरून त्या पिठात साठवली, आणि दाणा ती जपून वापरतो. निजलेला असतो तेव्हाही कण कण खातो. ते पीठ प्राणवायूशी जळते, ज्योत न होता जळते, आणि त्या जळण्यातून मिळणाऱ्या शक्तीवर दाण्यातली पेशी न् पेशी जिवंत राहते. ओल लागली की दाणा जागा होतो, भराभर खाऊ लागतो, त्याला ऊब सुटते. आसपासचा प्राणवायू संपतो आणि उरते ती जळून उरलेली जड हवा. तिच्यात दिवा जगत नाही. "दिव्याचं आणि आपलं जळण एकच आहे," असे म्हणून मी खडू खाली ठेवत असे. हे वाक्य मला फार आवडे.

मामांचे गाव धारहून बाग गावाच्या रस्त्याला दोन-अडीच कोसांवर होते. आमचे पूर्वज दरबारच्या चाकरीत देशावरून इकडे आले, त्यातल्याच एकाला हे गाव मिळालेले. घरात मराठी, दाराबाहेर माळवी, आणि अंगणात दोन्हींची खिचडी. घरामागे पिवळ्या मुरमाच्या उंचवट्यावर तीन पेवे होती. काळ्या मातीत पाणी मुरते, म्हणून पेव तिथे खणत नाहीत. पेव म्हणजे जमिनीत उभा पुरलेला रांजणच समजा. तोंड माणूस कसाबसा जाईल एवढे, पोट मोठे. आतून जाळ करून भाजायचे, शेणमातीने लिंपायचे, कडेने कडबा लावायचा, गहू भरायचा आणि तोंडावर फरशी ठेवून मातीने बुजवायचे. संवत छप्पनच्या दुष्काळात गावातली किती तरी घरे या तीन पेवांवर जगली होती, असे मामी सांगत.

पेव उघडण्याचे काम एकाच घराकडे होते. तो म्हातारा, त्याला सगळे 'बा' म्हणत. त्याचा बाप, त्याचा आजा हेच करत आले. पेव उघडायचे, आत उतरून गहू वर द्यायचा, आणि शेवटी कडेला व तळाला चिकटलेले काळवंडलेले गहू त्याने घरी न्यायचे, असा रिवाज. पण त्या गव्हांपेक्षा त्याला आपल्या कामाचा अभिमान जास्त होता. आजपर्यंत त्यांच्या घरातल्या कोणाच्या हातून पेवात माणूस गेला नव्हता. हे तो दर खेपेस पेवाच्या तोंडाशी बसून सांगत असे, जणू पेवालाच आठवण करून देत होता.

त्या वर्षी माझ्या मामेबहिणीचे लग्न ठरले. नवरामुलगा देवासचा, माझ्याच शाळेतला मास्तर. स्थळ मी आणलेले. मनात भीती होती ती एवढीच की, काही खोट निघाली तर माझ्याकडे बोट दाखवतील. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चार दिवस आधी जाऊन पोचलो. देवास ते इंदूर टांगा आणि पुढे बैलगाडी, अंग नुसते खिळखिळे झाले होते. ओट्यावर पाय ठेवतो तोच मामा कोणाला तरी म्हणाले, "हा आमचा भाचा. चणे बाटलीत कोंबून त्यांना श्वास घ्यायला लावतो."

मामी आतून म्हणाल्या, "आणि मग त्या चण्यांची उसळ करता, की पास झाले म्हणून घरी पाठवता?"

"उसळच करतो, मामी."

"मग बरं. मास्तरांचा जोशांवर नाही तरी जेवणावर विश्वास आहे."

त्या हिवाळ्यात गारठ्याने गहू मारला होता. नवे दाणे चिमलेले निघाले. लग्नाला गहू पेवातलाच काढायचा ठरले. शिवाय घाणा भरण्याचा, म्हणजे लग्नाच्या धान्याला पहिला हात लावण्याचा जो मुहूर्त असतो, त्याला गहू घरच्या पेवातलाच लागे. जोशांनी मुहूर्त माध्यान्हीच्या आधीचा दिला होता. मामा मंडपाच्या मागे, बायका पापडांच्या मागे, म्हणून मामी मला म्हणाल्या, "जा, बा बरोबर उभा राहा. पहिली टोपली तेवढी वेळेवर आण. आणि तिथे भाषण करू नकोस."

दोन वर्षांपूर्वी अर्धे रिकामे करून बुजवलेले ते मधले पेव. सकाळची वेळ होती. बाने माती खरवडली, आम्ही दोघांनी मिळून फरशी सरकवली. आतून वास आला, आंबूस, आणि त्याखाली काहीतरी गोड. बाने तोंडाशी तळहात धरला, बराच वेळ धरला.

"नाज जाग्यो हे, भिया," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"सोयो थो. चौमासा में कंई से पाणी लाग्यो, तो जाग ग्यो. हात लगई ने देखो, गरम हे. सांस लई रियो हे."

ओल लागली की दाणा जागा होतो, हे माझ्या धड्यातले वाक्य त्याने मला माळवीत सांगितले. मी हसलो. खेड्यातला माणूस काही गोड बोलला की शिकलेला माणूस हसतो, तसा.

मग त्याने दिवा काढला. साधी मातीची पणती, तीन बाजूंनी सुतळी बांधून तराजूच्या पारड्यासारखी केलेली. वात पेटवली, हात जोडले आणि हळूहळू आत सोडली. काठापासून हातभर खाली गेली नाही तोच ज्योत लांब झाली आणि गेली. त्याने पणती वर घेतली, परत पेटवली, परत सोडली. परत तेच.

"माता ना के री हे," बा म्हणाला. "सवेरे तक मुंडो खुल्लो रेवा दो. हवा जावेगी, फेर उतरांगा."

माता नको म्हणते आहे, उद्या सकाळी उतरू, म्हणत होता. माझ्या डोक्यात मुहूर्त होता. आणि 'माता' हा शब्द माझ्या कानाला खटकला होता. तो नुसते 'हवा' म्हणाला असता तर कदाचित मी ऐकले असते. तो तेही म्हणालाच होता. मी मातेपाशी थांबलो, हवेपर्यंत गेलोच नाही.

मी माझ्या शहरी हिंदीत म्हणालो, "बा, माता-बिता कुछ नहीं. हवा के झोंके से बुझा है."

झोंका नव्हता. डोक्यावरच्या निंबाचे पान हलत नव्हते. बाने वर निंबाकडे पाहिले.

मग मला दुसरे सुचले. लग्नघरी दिवा विझला हे बायकांना कळले तर रडारड होईल, जोशी येईल, शांत करा म्हणेल, वरपक्षाच्या कानावर जाईल. मी म्हणालो, "और घर में मत बोलना कि दिया बुझा. ब्याह का घर है."

बा हसला. त्याचे पुढचे दोन दात नव्हते. "तम तो माता ने नी मानो, भिया. फेर बुझ्या दिवा से कायको डरो?"

ज्याला उत्तर नसते तो रागावतो. मी धोतर खोचले आणि शिडीला हात घातला. "ठीक है. तुम बैठो. मैं उतरता हूँ."

त्याने माझे मनगट धरले. "तम पावणा हो. तमारे कई हुई ग्यो तो मामीजी म्हारे जीवतो नी छोड़े." मग क्षणभर पेवात पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले. मी शिडी सोडली नव्हती. "हटो," तो म्हणाला.

दोर त्याच्या कमरेला होता, दुसरे टोक निंबाला. हेही रिवाजानेच. तो शिडीवरून उतरला. तिसऱ्या पायरीवर थांबल्यासारखा वाटला. मग खाली गव्हावर टेकला, वाकला आणि बसला. मला वाटले, गहू हाताने चाचपतो आहे. मी वरून विचारले, "बा, टोपली छोड़ू?" उत्तर नाही. मी टोपली सोडली. ती त्याच्या खांद्याला लागून बाजूला पडली. तरी मला वाटले, रागावला आहे.

मी किती वेळ तसा उभा होतो हे मला आजही सांगता येत नाही. पुढे कित्येकदा मी ते मनात मोजून पाहिले आहे. कधी शंभर आकडे होतात, कधी तीनशे.

मग मी ओरडलो. खळ्यावर दोन गडी होते, ते धावले. पणती माझ्या पायाशी पडली होती. ते उंचवटा चढून येईपर्यंत मी ती टाचेखाली घेतली आणि मुरमात दाबली. ती फुटल्याचा बारीक आवाज आला. त्या वेळी मी मनाशी काही ठरवले होते असे मला वाटत नाही. पायाने ठरवले होते.

दोराने त्याला वर काढले. चेहरा निळा-काळा, ओठांना फेस. तळव्यांना कांदा चोळला, तोंडावर पाणी मारले. मामा धावत आले. बाच्या छातीत पहिला श्वास घरघरला आणि मामांनी त्याच्याकडे पाहतच मला विचारले, "दिवा सोडला होता ना?"

"नाही," मी म्हणालो.

मामा नुसते म्हणाले, "अरे अरे. म्हातारपण." आणि ते मंडपाकडे परतले.

गड्यांनी दुसऱ्या दिवशी, हवा गेल्यावर, गहू काढला. घाण्याला आदल्या दिवशीच शेजारच्या घरून गहू आणला होता आणि त्यात घरात उरलेल्या पेवातल्या जुन्या गव्हाची एक मूठ मिसळली होती, म्हणजे मुहूर्तही साधला. लग्न झाले. त्या गव्हाच्या पुऱ्या मी वाढल्या आणि खाल्ल्या. त्यांची चव मला आठवत नाही. त्या दिवसांतले मला फारसे काही आठवत नाही. कोणी बोलले की मी उत्तर देत होतो, एवढेच. बा जगला आहे, बोलतो आहे असे कळले. त्याच्या घरी जाण्यासाठी मी दोनदा चप्पल घातली आणि दोनदा काढली. वऱ्हाडाबरोबरच देवासला परतलो.

पुढे मामांच्या पत्रातून कळले ते असे. बा चालतो-फिरतो, पण हात कापतात. जुने सारे आठवते, पण त्या दिवसाचे आणि कालचे आठवत नाही. पेवाचे काम आता दुसऱ्या गावच्या माणसाला दिले आहे. "दिवा सोडायचे विसरणारा माणूस आत कसा उतरवणार? त्याच्याच जिवावर बेतायचे," असे मामांनी लिहिले होते. त्यांनी दयेनेच लिहिले होते. मी पत्राला उत्तर दिले. पाऊसपाण्याचे लिहिले.

देवासच्या एका डॉक्टरांशी माझी ओळख होती. त्यांना मी एकदा, दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट म्हणून, हे विचारले. ते म्हणाले, "मास्तर, शरीर मोठं कोठीवालं आहे. यकृतात साखर साठवतं, स्नायूंत थोडी साठवतं, चरबीत तर महिन्यांची बेगमी करतं. म्हणून माणूस उपाशी दिवस काढतो. पण मेंदूजवळ स्वतःचा साठा जवळजवळ नाही. रक्त क्षणोक्षणी जे आणील त्यावर तो चालतो. चार-सहा मिनिटं प्राणवायू आला नाही की त्यातल्या काही पेशी विझतात. त्या पुन्हा पेटत नाहीत."

"म्हणजे मेंदूला पेव नाही," मी म्हणालो.

"वा! वर्गात सांगा हे."

मी सांगितले. हेही लिहिले पाहिजे. दर वर्षी चण्यांच्या बरणीत वात विझली की मी म्हणत असे, "मुलांनो, मेंदूला पेव नाही." मुले वहीत उतरवून घेत. एकदाही माझा आवाज कापला नाही. माझ्या आत काही होईल म्हणून मी पहिल्या वर्षी वाट पाहिली होती. काही झाले नाही. निजलेला दाणा जसा कमीत कमी खाऊन राहतो, तसा मी राहिलो. जेवलो, शिकवले, झोप चांगली लागली. मामांकडे जाणे मात्र टाळले. सुट्टीत कधी सोनकच्छला सासुरवाडी, कधी प्रकृती, कधी परीक्षेचे कागद. अशी आठ-नऊ वर्षे गेली.

मग मामींच्या व्रताचे उद्यापन निघाले आणि त्यांनी निरोप पाठवला, की या वेळी आला नाहीस तर मी तुझी मामी नाही. गेलो.

धारहून जी गाडी केली तिचा गाडीवान तरुण होता. वाटेत ओढ्यापाशी दुसरी गाडी उलटी पडलेली, चाकाची कुणी, म्हणजे चाक अडवणारी खीळ, निघालेली. आमच्या गाडीवानाने उतरून हात दिला आणि चाक बसल्यावर त्या दुसऱ्याला हसून म्हणाला, "कई रे, दिवो भूल्यो थो कई?" तोही हसला.

मी विचारले, "ये दिवा भूलना क्या है?"

"कई नी, मास्टर साब, हमारे गांम की केवत हे," तो म्हणाला. "कोई खास बात भूली जाय तो कां, दिवो भूल्यो. एक बा हे. बिना दिवो छोड़े खो में उतरी ग्यो थो. लुगायां भी दाल में लूण भूले तो सासू येई के." मग बैलांना हाकत म्हणाला, "भला माणस हे बा. पण हवे नाम तो पड़ी ग्यो."

खो म्हणजे पेव, आणि केवत म्हणजे म्हण. माझ्या एका शब्दाची गावात म्हण झाली होती. बायका आमटीत मीठ विसरल्या तरी ती वापरत होत्या.

घरी पोचलो. उद्यापन दुसऱ्या दिवशी होते. मामा आता थकले होते, ओसरीवर तक्क्याला टेकून बसत. पाय धुऊन मी त्यांच्यासमोर बसलो आणि पाणी पिण्याआधी सांगितले. दिवा सोडला होता, दोनदा सोडला होता, विझला होता, बा थांबा म्हणाला होता, मी खोटे बोललो. हे सारे एका दमात सांगून झाले. सांगायला इतका थोडा वेळ लागतो याचे मला नवल वाटले.

मामांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "आता कशाला? झाकली मूठ होती."

"त्याचं नाव गेलं, मामा."

"नाव माझ्या तोंडून गेलं," मामा म्हणाले. "तुझ्या सांगण्यावरून, पण माझ्या तोंडून. मीच सांगत फिरलो." अडकित्ता पुन्हा उचलून म्हणाले, "आणि त्याला सांगून तरी काय? उद्या विसरेल."

मामी दाराशी उभ्या होत्या. कधीपासून, मला माहीत नाही. मामांना म्हणाल्या, "तो विसरेल तर हा परवा पुन्हा सांगेल. मास्तरच आहे, सवय असेल." मग आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी मला ताट वाढले, पण माझ्याकडे पाहिले नाही.

ऊन कलल्यावर मी बाच्या घरी गेलो. तो अंगणात बाजेवर बसून सुतळी वळत होता. वळलेली उलगडत होती, तो पुन्हा वळत होता. त्याची बायको शेणी थापत होती. शेजारचे दोघे-तिघे आणि तोच गाडीवान कुंपणाशी बसले होते. मला पाहून बाईने पदर पुढे ओढला.

बाने माझ्याकडे पाहिले. ओळख नव्हती. पण पाहुणा आला म्हणून त्याने बाजेवर जागा केली, आणि मी बसतो तोच, जसे कोणी पाणी विचारतो तसे विचारले, "क्यूं भिया, म्हने दिवो उतार्यो थो कि नी?"

बाई खालच्या मानेने म्हणाली, "आवे जिन्ने येई पूछे हे. रोज. म्हूं कई कूं? लोग के, नी उतार्यो. तो म्हूं भी के दूं, नी उतार्यो. फेर आखो दन चुप बेठ्यो रे."

म्हणजे आठ-नऊ वर्षे तो रोज विचारत होता, आणि रोज त्याला माझे उत्तर मिळत होते.

मी म्हणालो, "उतारा था, बा. दो बार उतारा था. दोनों बार बुझा. तुमने कहा, सवेरे तक रुको. मैंने नहीं रुकने दिया. और बाद में मैंने झूठ बोला."

गाडीवानाने तोंडातली काडी काढली. मी त्याच्याकडे वळून म्हणालो, "भूला मैं नहीं, ये भी नहीं. मैंने जान के छुपाया. ये गाँव में बोलना." त्याने मान हलवली.

बाने सुतळी खाली ठेवली होती. तो माझ्याकडे नाही, बायकोकडे पाहत होता. "सुण्यो?" तो म्हणाला. "म्हूं भूल्यो नी थो."

"सुण्यो," ती म्हणाली.

"म्हारा घर में कोई दिवो नी भूले." तो हसला. आता एकही दात नव्हता. माफीचे जे शब्द मी धारपासून जुळवत आणले होते ते मी म्हटले, पण ते त्याच्या कानावर गेले नाहीत. त्याला ते नको होते. त्याला हवे ते मिळाले होते. बाईने हात धुतले आणि मला लोट्यातून पाणी दिले. मी ओंजळीने नव्हे, लोटा तोंडाला लावून प्यायलो. घरी कळले असते तर शिवाशिवीवरून बोलणी बसली असती. ती बसायला हवीच होती.

निघताना बाई म्हणाली, "सवेरे फेर पूछेगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, उद्यापनाची गडबड सुरू व्हायच्या आत, मी पुन्हा गेलो. उन्हे नुकती अंगणात आली होती. बा त्याच बाजेवर, तीच सुतळी. बाई चुलीपाशी होती, तिने मला पाहिले आणि फुंकणी खाली ठेवली. बाने बाजेवर जागा केली. मी बाजेवर बसलो नाही, खाली जमिनीवर बसलो.

"क्यूं भिया," तो म्हणाला, "म्हने दिवो उतार्यो थो कि नी?"

हिंदी शब्द मी रात्रीपासून जमवले होते. तोंड उघडले तेव्हा मराठीच आले. त्याने सारा जन्म आमच्या घरच्या अंगणात काढला होता, त्याला कळत होते.

"उतरवला होता, बा. तुम्ही विसरला नव्हता. दिवा विझला, तुम्ही मला थांब म्हणालात, आणि मी तुम्हाला खाली उतरायला लावलं. मग पणती पायाखाली फोडली आणि सगळ्यांना सांगितलं की दिवा सोडलाच नाही. तुमचं काम गेलं, नाव गेलं, ते माझ्यामुळे. मला माफ करा, बा. माझं चुकलं."